एकोणीस आणि एक्केचाळीस

पालघरच्या आयटीआयमध्ये मी सव्वीस वर्षं मशिनिस्टचा वर्ग घेतला. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून मुली गेल्या त्या मोजून अकरा. त्यातली वैष्णवी दांडीची. वडील विश्राम स्वतःच्या होडीवर जाणारे, आई रखमा बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचो, हाच ट्रेड का घेतला? बहुतेक जण कंपनीत लागता येतं म्हणून सांगायचे. वैष्णवी उठून म्हणाली की आमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायचं विंच आहे, त्याची चेन दर वर्षी तुटायची. मग एका मेकॅनिकने मोटरवरचं चाक काढून कमी दात्यांचं लावलं, आणि तीच मोटर तीच होडी आरामात ओढायला लागली. "ते कसं झालं ते मला कुणी नीट सांगितलं नाय," ती म्हणाली. वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मला ते नीट सांगता येत होतं, आणि ऐकायला कुणी तरी मिळालं होतं.

आज ती छत्तीस वर्षांची आहे. तारापूर एमआयडीसीत दिग्विजय माने नावाच्या सांगलीच्या माणसाचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे ती बारा वर्षं दाते पाडायच्या मशीनवर आहे. नवरा शैलेश कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन, मुलगी स्वरा चौथीत. वर्कशॉपमध्ये मुख्यतः कापडाच्या गिरण्यांच्या मशीनची चाकं होतात, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दात्यांची चाकं, स्प्रॉकेट. मी निवृत्त झाल्यावर कधी बोईसरला गेलो की तिथे डोकावतो. पुढची हकीकत मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली, काही दिग्विजयकडून ऐकली, आणि थोडी डोळ्यांनी पाहिली.

गेल्या वर्षी डिसेंबरात वर्कशॉपच्या पत्त्यावर एक जड पाकीट आलं. पाठवणारा अंगरूप, राहणार हिमाचलात लाहौलमधल्या वरच्या एका गावात. त्याच्या मेहुण्याने कधीकाळी बोईसरच्या एका कापडाच्या कारखान्यात नोकरी केली होती, त्याने हा पत्ता दिला होता. पाकिटात दोन स्प्रॉकेट आणि चेनचे तीन तुकडे. सोबत हिंदीत चार ओळी: माझ्याकडे बर्फावरची गाडी आहे, तिची चेन या मोसमात चार वेळा तुटली, याच मापाची चाकं करून द्या, पण सगळ्यात कडक पोलादाची द्या.

बर्फावरची गाडी म्हणजे काय ते वर्कशॉपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. वैष्णवीने फोनवर चित्रं शोधली. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रुंद रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी बैठक. इंजिनाची ताकद आधी एका बेल्टवरून येते, मग एका बंद डब्यात वरच्या लहान चाकाकडून चेनने खालच्या मोठ्या चाकाकडे जाते, आणि ते मोठं चाक पट्टा फिरवतं. तिला हे पाहिल्याबरोबर ओळखीचं वाटलं. फरक एवढाच की किनाऱ्यावरचं विंच जागेवर राहतं आणि होडी येते, इथे सगळं विंचच पुढे निघतं.

दिग्विजयचं म्हणणं सरळ होतं. नमुना आलाय, माप घ्यायचं, दोन चाकं करायची, पाठवून द्यायची. गिरण्यांचं काम डोक्यावर आहे आणि हे एका नगाचं गिऱ्हाईक. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. वर्कशॉप असंच चालतं.

वैष्णवीने माप घ्यायला चाकं टेबलावर ठेवली आणि तिथेच अडकली. वरच्या चाकाला तेवीस दाते होते, खालच्याला एकोणचाळीस. दाते झिजले होते, पण सारखे झिजले नव्हते. प्रत्येक दात्याचा मधला भाग खाल्लेला, आणि दोन्ही कडांना बारीक पट्टी अगदी नव्यासारखी. तिने नखाने चाचपून पाहिलं, पायरी लागत होती. मग तिने चेन पाहिली. ही साधी सायकलची चेन नव्हे. हिची एकेक कडी पोलादाच्या पातळ पात्या शेजारीशेजारी लावून बनते, जेवढ्या पात्या जास्त तेवढी चेन रुंद. या चेनमध्ये तेरा पात्या होत्या. चाकाची रुंदी मोजली तर ती पंधरा पात्यांची निघाली. पंधरांनी ओढायचं ते तेरा ओढत होत्या. कुणीतरी मिळेल ती चेन बसवून दिली होती.

तिने दिग्विजयला दाखवलं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. मग रुंद चेन घ्यायला सांग आणि चाकं आहेत तीच करून दे, तो म्हणाला. ती म्हणाली की मला त्याच्याशी एकदा बोलायचंय.

अंगरूपचा फोन लागायला दोन दिवस गेले. बोईसरमध्ये बारा वर्षं उत्तरेकडच्या कामगारांबरोबर काढल्याने तिचं हिंदी पक्कं होतं. त्याचा आवाज थकलेला होता. त्याचा हेका एकच: "मॅडम, वही साइज़ दो, बस मज़बूत दो." तिने विचारलं की गाडी नेमकं काय काम करते. तो म्हणाला, हिवाळ्यात रस्ता खालच्या गावापर्यंतच उघडा असतो. तिथून वर आठ किलोमीटर, तेवीस घरं. गॅसच्या टाक्या, औषधं, पीठ, कधी आजारी माणूस, सगळं गाडीमागे घसरगाडी लावून तो नेतो. वजन किती? अडीचशे किलो, कधी तीनशे. वेग किती ठेवता? मोकळी असली की सत्तरपर्यंत जाते, म्हणाला. ओझं घेऊन? वीस, पंचवीस. बेल्ट किती गेले? या मोसमात तीन. जळका वास येतो का? चढाला रोज येतो.

तिने कागदावर लिहून घेतलं. पण तिने शेवटी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चारही वेळा चेन तुटली तेव्हा गाडी काय करत होती? त्याला आठवायला वेळ लागला. मग तो म्हणाला की चारही वेळा सकाळीच तुटली, दारातून निघताना. चढावर एकदाही नाही.

त्या रविवारी ती दांडीला माहेरी गेली. विश्राम जाळं विणत ओट्यावर बसले होते. त्यांना तिने सगळं सांगितलं, बर्फ, पट्टा, सकाळी पहिल्या झटक्याला तुटणारी चेन. त्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, फ्रीजमधला आणि मासळीवर घालायचा सोडून. त्यांनी विचारलं, रात्रभर ती गाडी कुठे असते? बाहेर बर्फात, ती म्हणाली.

"मंग ती धरली जात आसंल," विश्राम म्हणाले. "आमी होडी अशी लगेच वढतो का? ओल्या वाळूत ती बसलेली आसते. आदी चार मानसांनी हालवायची, हिकडून तिकडून, तिची पकड सोडवायची. तवा विंच चालू करायचं. लगेच तानली का कायतरी तुटतंच. चेन नाय तुटली तर दुसरं कायतरी."

"आन् विंचची ताकद वाढवली तर?"

"ताकद वाढवली का आजून जोरात तुटंल."

वैष्णवी मला म्हणाली की हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा तिच्या कामाचं म्हणून ऐकलं.

सोमवारी तिने हिशेब मांडला. वर तेवीस आणि खाली एकोणचाळीस, म्हणजे वरचं चाक पावणेदोन फेऱ्यांपेक्षा थोडं कमी फिरलं की खालचं एक फेरी घेतं. ही जोडी पळणाऱ्या गाडीची होती. ओझं वाहणाऱ्या गाडीला ती जोडी दिली की इंजिन धापा टाकतं, बेल्ट घसरत राहतो, तापतो, जळतो. तिने वर एकोणीस आणि खाली त्रेचाळीस धरलं. सव्वादोन फेऱ्यांना एक. तेवीस आणि एकोणचाळीस मिळून बासष्ट, एकोणीस आणि त्रेचाळीस मिळूनही बासष्ट, त्यामुळे चौऱ्याहत्तर कड्यांची तीच लांबी चालणार होती. शिवाय एकोणीस विषम, चौऱ्याहत्तर सम, तेव्हा एकच कडी पुन्हा पुन्हा एकाच दात्यावर येणार नाही आणि झीज वाटली जाईल. कागद पाहून तिला आनंद झाला होता, हे तिने कबूल केलं.

अडचण एकच होती. त्रेचाळीस दात्यांचं चाक मूळच्यापेक्षा मोठं. चार दाते वाढले की ते चहूबाजूंनी सहा मिलिमीटर वाढतं. डब्यात तेवढी जागा आहे का? तिने अंगरूपला सांगितलं की घट्ट कणीक घे, छोटा गोळा डब्याच्या तळाला, खालच्या चाकाच्या खाली चिकटव, चाक हाताने एक फेरी फिरव, आणि दाबलेला गोळा किती जाड राहतो ते मोजून सांग. त्याला आधी ती चेष्टा करतेय असं वाटलं. मग करतो म्हणाला.

इथे तिची चूक झाली. मशीन त्या दिवशी रिकामं होतं, पोलादाची चकती तयार होती, आणि ती उत्तराची वाट न पाहता कामाला लागली. दुपारपर्यंत त्रेचाळीस दाते पाडून झाले. बुधवारी अंगरूपचा फोटो आला. कणकेचा गोळा, शेजारी मोजपट्टी. पाच मिलिमीटर. तिला सहा हवे होते.

ते चाक तिने स्वतः उचलून दिग्विजयच्या टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. दिग्विजयने चाक हातात फिरवलं. तो रागावला नाही, असं ती म्हणते. तो म्हणतो की रागावलो होतो, पण तिचा चेहरा बघून गप्प बसलो.

"मी तुला मापानं कर म्हटलं होतं," तो म्हणाला.

"मापानं केलं तर पाचव्यांदा तुटेल. आणि त्या तेवीस घरांचा गॅस त्याच गाडीवर येतो."

"मग आता?"

"दोन दिवस द्या. जेवणाच्या सुट्टीत करते. चकती भंगारातल्या दांड्यातून कापते."

त्याने चाक भंगाराच्या पेटीत टाकलं आणि म्हणाला, सुट्टीत जेव, काम कामाच्या वेळात कर.

आता त्रेचाळीस जाणार नव्हतं. एक्केचाळीस दात्यांचं चाक तीनच मिलिमीटर वाढतं, पाचातले दोन मोकळे राहतात. ते बसत होतं. पण गुणोत्तर थोडं कमी पडत होतं. अंगरूपला तिने हे सांगितल्यावर त्याने स्वतःच सुचवलं की मग वरचं सतरा दात्यांचं करा. त्याला आता या आकड्यांत रस यायला लागला होता. तिने नाही म्हटलं. वरचं चाक जितकं लहान तितकी चेन त्याच्यावरून जाताना जास्त वाकते, आणि ओझं धरायला तितके कमी दाते मिळतात. सतरावर गाडी जोरात ओढेल आणि दोन महिन्यांत चेन संपेल. एकोणिसाच्या खाली मी जाणार नाही, ती म्हणाली. त्याने घासाघीस करून पाहिली, जशी लोक बाजारात करतात. ती हलली नाही.

दुसरा वाद पोलादावर झाला. त्याला सगळ्यात कडक हवं होतं. सकाळी तिथे उणे वीसच्या खाली तापमान असतं. आरपार कडक केलेला दाता त्या थंडीत काचेसारखा वागतो, झटका बसला की टवका उडतो. वैष्णवीला हवं होतं वरून कडक आणि आतून चिवट. तशी भट्टी लावणारा माणूस एमआयडीसीतच होता. त्याला तिने दोन वेळा फोन करून बजावलं की कडकपणाचा थर पातळच ठेव, जास्त मुरवू नकोस. चाकाच्या आतल्या खाचा, ज्या शाफ्टवर बसतात, त्या तिने जुन्या नमुन्यावरून स्वतः पाडल्या आणि प्रत्येक खाच जुन्या चाकाच्या खाचेशी ताडून पाहिली.

चेन वसईच्या एका जुन्या दुकानदाराकडे मिळाली, पंधरा पात्यांची, गुंडाळ्यावर. तिने दुकानात उभं राहून पात्या मोजल्या, मग चौऱ्याहत्तर कड्या मोजून तोडून घेतल्या. दोन्ही चाकांचे मिळून दाते बासष्टचे साठ झाल्यामुळे चेन थोडी ढिली पडणार होती, म्हणून ताण देणाऱ्या बोल्टचे किती आटे शिल्लक आहेत त्याचाही फोटो तिने मागवला. पुरेसे होते.

पार्सल निघालं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. सोबत तिने एक कागद ठेवला. त्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सकाळी गाडी सुरू करण्याआधी मागची बाजू दोघांनी उचलून आपटा, डावीकडे उजवीकडे हलवा, पट्टा बर्फातून सुटलाय हे डोळ्यांनी बघा, मग इंजिन चालू करून पाच मिनिटं नुसतं राहू द्या, डब्यातलं तेल पातळ होऊ द्या, आणि त्यानंतरच ओढा.

पार्सल वाटेत बर्फवृष्टीमुळे नऊ दिवस अडकलं. त्या नऊ दिवसांत तिने मला दोनदा फोन केला. एकदा विचारलं की एकोणीस बरोबर आहे ना सर. मी म्हटलं, तू मला काय विचारतेस, मी बर्फ पाहिलेला नाही. दुसऱ्यांदा काहीच विचारलं नाही, उमरोळीला एका लग्नाला आलेय म्हणाली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. मला कळलं.

चाकं बसवल्यावर अंगरूपचा पहिला फोन आला तो रागाचा. गाडी पळत नाही. सत्तरवर जाणारी गाडी पंचावन्नच्या पुढे सरकत नाही, गावातली पोरं हसतात. मशीनच्या आवाजात उभी राहून वैष्णवीने शांतपणे विचारलं, ओझं लावलं का? अजून नाही, तो म्हणाला. मग ओझं लावा आणि उद्या बोला.

उद्या फोन आला नाही. परवाही नाही. तिसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा उघडून बसली होती तेव्हा आला. मधल्या चढावर एक जागा होती, जिथे तो दर वेळी अर्ध्या टाक्या उतरवून ठेवायचा, वर जायचा, आणि परत येऊन उरलेल्या न्यायचा. त्या दिवशी सहाच्या सहा टाक्या घेऊन गाडी न थांबता वर गेली. त्याने बेल्टच्या झाकणावर हात ठेवून पाहिला, हात ठेवता आला. हे सांगून झाल्यावर त्याने कागदाचा विषय काढला. गाडी हलवून सोडवायची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? माझे वडील लाकडी घसरगाडी अशीच सोडवायचे. इंजिन आलं आणि मी ते सोडून दिलं.

"माझ्या वडिलांनी सांगितली," वैष्णवी म्हणाली. "ते समुद्रावर असतात."

त्यांना माझा नमस्कार सांगा, तो म्हणाला.

मोसम संपेपर्यंत चेन तुटली नाही. एप्रिलमध्ये त्याने डबा उघडून फोटो पाठवले. दात्यांवर झिजेची चमक होती, पण कडेपासून कडेपर्यंत सारखी, कुठेही पायरी नाही. चेन थोडी लांबली होती, तेवढी लांबतेच. तिने ताणाचा बोल्ट किती फिरवायचा ते सांगितलं आणि तेल बदलायला लावलं.

यानंतर जे झालं ते मला स्वतःला पाहायला मिळालं, कारण मी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये चहा पीत बसलो होतो. अंगरूपच्या शेजारच्या गावातल्या एकाचा फोन आला. त्याच्याकडेही तशीच गाडी होती, त्यालाही एकोणीस आणि एक्केचाळीसची जोडी हवी होती, लगेच. दिग्विजय खुशीत होता, मापं तयारच होती. वैष्णवीने हात पुसून फोन घेतला आणि मागे काय ओढता म्हणून विचारलं. काही नाही. मागे एक पर्यटक बसतो, सपाट मैदानात फेरी मारायची. चेन कधी तुटली? तुटली नाही, आवाज करते. डबा शेवटचा कधी उघडला होता? तो कधीच उघडलेला नव्हता. तिने त्याला झाकण काढायला लावलं, फोन चालू ठेवूनच. तेल तळाला बोटभर उरलं होतं, काळं आणि घट्ट. चेन सैल होती, पण धड होती. रुंदीही बरोबर होती.

तेल बदला, ताण द्या, तुमच्या कामाला आहेत तीच चाकं योग्य आहेत, तिने सांगितलं. माझी जोडी लावलीत तर तुमचं इंजिन उगाच ओरडेल. तो माणूस हट्टाला पेटला होता, अंगरूपला दिली तर मला का नाही. तिने तिसऱ्यांदा तेच, त्याच आवाजात सांगितलं. शेवटी त्याने तेल कुठलं घालायचं ते लिहून घेतलं.

दिग्विजय माझ्याकडे बघून म्हणाला की सर, ही तुमची विद्यार्थिनी माझं गिऱ्हाईक परत पाठवते. पण त्याच आठवड्यात त्याने पुण्याच्या एका गिरणीचा माणूस आला तेव्हा त्याला थेट तिच्या मशीनशी नेऊन उभं केलं आणि तुम्हाला काय हवंय ते हिला सांगा म्हणाला. आता नवीन काम आलं की पहिलं बोलणं तीच करते.

मी चहा संपवून निघालो तेव्हा तिच्यासमोर गिरणीच्या सहा चकत्या रचून ठेवलेल्या होत्या. तिने पहिली मशीनवर चढवली, हाताने एक फेरी फिरवून ती सरळ बसलीय का पाहिलं, आणि काम सुरू केलं.